फोनमधली टोनही

हरेलीच्या सणाला कुम्हरझोरीत कुणाला घटकाभर फुरसत नसते. नांगर-कुदळी धुवायच्या, पुजायच्या, घरोघरी गुळाचे चिले घालायचे, आणि पोरांनी उंच बांबूच्या गेड्यांवर चढून गावभर चिखल तुडवायचा. या वर्षी मात्र दहा वाजताच चुली विझल्या. पोरांच्या गेड्या बापांच्या हातात गेल्या. सगळं गाव गुडीच्या, म्हणजे गावच्या चावडीच्या, चौथऱ्याभोवती दाटीने उभं राहिलं आणि चौथऱ्यावर पाच सुपं मांडून फिरंता बैगाने, गावच्या मांत्रिकाने, सगळ्यांचे फोन त्यांत गोळा करायला सुरुवात केली.

"फोन मुका करा. पुरता मुका! थरथरायलासुद्धा नको," तो प्रत्येकाला बजावत होता. "फक्त नेट चालू ठेवा. टोनहीला यायला वाट हवी."

टोनही म्हणजे करणी करणारी, लेकरं खाणारी बाई. आजवर कुणी तिला लेकरू खाताना पाहिलेलं नाही, पण ती असते याबद्दल कुम्हरझोरीत दुमत नव्हतं.

"आधी ती लिंबावरून यायची," बैगा भात उधळत सांगत होता. "मग विजेच्या खांबावरून यायला लागली. आता गावात टॉवर उभा राहिलाय, ती कशाला पायी येईल? सरळ फोनमध्ये येऊन बसते. मला मंत्रसुद्धा नवे करावे लागले. जुन्या मंत्राला रेंज मिळत नाही!"

हसण्यासारखं होतं, पण हसलं कुणी नाही. आठ दिवसांपूर्वी धनसायचा दोन वर्षांचा मुलगा गेला होता. तीन दिवस बैगाच्या अंगणात झाडफूक चालली आणि चौथ्या दिवशी पोर मांडीवरच थंड पडलं. धनसाय आज सगळ्यांत पुढे उभा होता. त्याने दाढी केलेली नव्हती, जेवलेला दिसत नव्हता, आणि हातातली गेडी त्याने अशी धरली होती की आजूबाजूचे लोक हातभर अंतर ठेवून उभे होते.

हेमिन निषाद लसीचा डबा खांद्याला लावून गर्दीच्या कडेला येऊन थांबली. ती गावची मितानिन, म्हणजे सरकारने नेमलेली आरोग्याची बाई. धनसायच्या पोराला दवाखान्यात न्या म्हणून ती दोनदा त्याच्या दारात जाऊन भांडली होती आणि दोन्ही वेळा धनसायच्या आईने तिला हाकलून लावलं होतं. बैगाचं आणि तिचं वैर जुनं होतं. तिने आपला फोन सुपात टाकला नाही. बैगाने तिच्याकडे पाहिलं, पण आज त्याला दुसरं काम होतं.

"समारू!" त्याने एकदम बोट रोखलं. "शनिवारी बायकोला काय सांगितलंस? खत आणायला जातो. आणि दुपारी दोन ते पाच कुठे होतास? दारूच्या भट्टीवर!"

समारूचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या बायकोने तिथल्या तिथे त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"रामबाई, लेकीसाठी पाहिलेल्या मुलाचा फोटो घरच्यांना दाखवला नाहीस अजून. निळा शर्ट, चष्मा. खरं की खोटं?"

"देवा!" रामबाईने कानशिलावर बोटं मोडली. "मी तर कुण्णाला बोलले नाही."

असे पाच-सहा जण झाले. प्रत्येकाच्या पोटातलं बैगाने बाहेर काढलं आणि प्रत्येक वेळी गर्दी चौथऱ्याच्या आणखी जवळ सरकली. लेखू मोबाइलवाला मागे पिंपळाला टेकून स्वतःच्या फोनमध्ये डोकं घालून उभा होता. तो एरवीही तसाच असतो, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही.

मग बैगाने डोळे मिटले, अंग घुसळलं, आरोळी ठोकली आणि मूठभर भात सुपांवर फेकला.

एक फोन किंचाळायला लागला.

मुक्या केलेल्या सव्वाशे फोनांतला एकच फोन, पूर्ण आवाजात, थांबायचं नाव न घेता. बायका मागे सरकल्या. माखन कोतवालाने तो उचलून पाहिला. "नंबर नाही," तो म्हणाला. "नाव नाही. कुणी लावलेलाच नाही! इंग्रजीत काहीतरी आलंय, आणि हा आपोआप वाजतोय."

फोनच्या गुलाबी पिशवीवर टिकल्या शिवलेल्या होत्या. गावात असली पिशवी एकच बाई शिवते. सगळ्या माना गैंदीकडे वळल्या.

गैंदी शिवणकाम करायची. नवरा परराज्यात वीटभट्टीवर, सहा महिन्यांचं पोर घरी सासूजवळ. ती हसायला गेली, कारण तिला वाटलं काहीतरी चूक झाली असणार. बैगाने फोन हातात घेऊन कडेचं बटण दाबत मंत्र पुटपुटला आणि फोन गप्प झाला. नंतर तो हळू आवाजात म्हणाला, "बघा तिला. डाव्या छातीखाली बोटभर काळा डाग असेल. भूत तिथे दूध पितं."

धनसायच्या आईने आणि आणखी तिघींनी गैंदीला धरलं. पोलकं फाटल्याचा आवाज आला. "आहे!" म्हातारी किंचाळली. "डाग आहे गं माय, आहे!"

हेमिनच्या खांद्यावरून लसीचा डबा खाली घसरला. तो डाग तिला माहीत होता.

पुढचं सगळं फार भराभर झालं. पहिली गेडी धनसायची. ती गैंदीच्या मांडीवर बसली आणि गैंदी गुडघ्यावर आली. कुणीतरी तिचे केस मुठीत धरून तिला चौथऱ्याभोवती फरफटवलं. समारूने लाथ घातली. तोच समारू, ज्याने परवा मुलीचा झगा तिच्याकडून उधारीवर शिवून नेला होता. तिने तोंडावर हात घेतले तेव्हा एक गेडी त्या हातांवर आली आणि बोटं मोडल्याचा आवाज जवळ उभ्या असलेल्यांना स्वच्छ ऐकू आला. ज्यांना मारायला जागा मिळाली नाही त्यांनी सुपातून आपापले फोन उचलले आणि मार चालू असताना तो टिपायला लागले. फाटकं पोलकं, उघडं अंग, रक्त, सगळं. एकाने तर पुढच्याला बाजूला हो म्हणून ओरडून सांगितलं, कारण त्याला नीट दिसत नव्हतं.

हेमिन गर्दीत घुसली आणि गैंदीच्या अंगावर आडवी पडली. तिच्या खांद्यावर दोन फटके बसले, तिसरा कानावर.

"सरक, भौजी! तू मध्ये येऊ नकोस!" धनसाय ओरडला.

"मार! मला मार आधी! सरकारी नोकर आहे मी, मार!"

सरकारी शब्दाने माखन कोतवालाला घाम फुटला. उद्या चौकशी झाली तर पहिला जाब त्यालाच द्यावा लागणार होता. "अरे थांबा, बैगाला विचारा आधी," तो गेड्यांच्या मध्ये हात घालत म्हणाला.

बैगाने आकाशाकडे पाहिलं. "अमावास्या बारा वाजता भरते. तोवर कोंडा दोघींना. बाराला लोहार हिच्या जिभेत खिळा मारेल. मग ही पुन्हा कुणाला मंत्र घालणार नाही."

बुधराम लोहार सकाळपासून घरोघरी दाराच्या चौकटीत खिळे ठोकत फिरत होता, कारण हरेलीला ती पद्धतच आहे. त्याने आपल्या पिशवीत हात घातला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला.

माखनने दोघींना ओढत नेऊन राशनच्या गोदामात ढकललं आणि बाहेरून कडीला कुलूप घातलं. साडेअकरा झाले होते.

हेमिनने पोलिसांना फोन लावला. सुरंगी नाल्याच्या पुलावर कंबरभर पाणी आहे, गाडी लांबच्या रस्त्याने येईल, तास तरी लागेल, असं उत्तर मिळालं. तिने आपला पदर फाडून गैंदीच्या हाताला बांधायला घेतला.

गैंदीने हात मागे घेतला आणि तिच्या पायाशी रक्त थुंकलं. थुंकीबरोबर दाताचा तुकडा पडला.

"तूच सांगितलंस," ती म्हणाली.

"गैंदी..."

"डाग कुणाला माहीत होता? मला, तुला आणि डॉक्टरला. चैत्रात गळू झालं तेव्हा तूच म्हणालीस, फोटो काढते, डॉक्टरला पाठवते, तुला एवढं लांब जायला नको. माझ्याच फोनवर काढलास. मी लाजेने मेले होते, तरी तुझ्या भरवशावर काढू दिला."

आपण कुणाला बोललो नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

"पंधरा दिवसांपूर्वी लेखूने मला तोच फोटो दाखवला," गैंदी भिंतीला टेकून सांगू लागली. दर दोन वाक्यांनी तिला थांबावं लागत होतं. "म्हणाला दुपारी दुकानात ये, एकटी ये, नाहीतर गावाला दाखवतो. मी त्याच्या तोंडावर थुंकले. म्हटलं, बायकांच्या बैठकीत सांगते तुझं. मला वाटलं फोटो तूच दिलास त्याला. म्हणून तुलाही काही बोलले नाही."

"मी नाही दिला गं. माझ्या पोरांची शपथ."

"मग काय भूत घेऊन गेलं?"

खरं सांगायचं तर तेवढ्या क्षणापुरती हेमिनसुद्धा डगमगली. दहा वर्षं गावाला हात धुवायला शिकवणारी, ताप आला तर गोळी घ्या म्हणून घसा फोडणारी बाई, पण अंधाऱ्या गोदामात रक्ताच्या वासात तिला वाटून गेलं की बैगाला काही दिसत असेल का. मग तिला बैगाचं एक वाक्य आठवलं आणि ते काट्यासारखं टोचत राहिलं. नेट चालू ठेवा. मंत्राला नेट कशाला लागतं?

तिने डॉक्टर पैकरांना फोन लावला. तालुक्याच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर, सावकाश बोलणारा. तिने मात्र त्याला बोलूच दिलं नाही. फोटो कुणाला दिलात, कुणाला दाखवलात, इथे बाई मरतेय, असं सगळं एका दमात विचारून टाकलं.

"फोटो पाहिला, औषध लिहिलं आणि पुसून टाकला," डॉक्टर म्हणाला. "दीदी, आता मी विचारतो ते नीट सांग. तुमच्या फोनमधलं खातं कुणी उघडलं?"

"कसलं खातं?"

"नवा फोन सुरू करताना तो ईमेल मागतो, पासवर्ड मागतो. ते कुणी भरलं?"

"लेखूने. तोच भरतो सगळ्यांचं. आम्हाला कुठे येतं? तो म्हणतो लक्षात ठेवायची कटकट नको, मी माझंच टाकून देतो."

"सगळ्यांच्या फोनमध्ये एकच?"

कुम्हरझोरीचे लोक एका गोष्टीचा फार अभिमान बाळगून होते. आमच्या गावात कुणी कुणाला नंबर विचारत नाही, लेखूकडे फोन बसवला की सगळ्या गावाचे नंबर त्यात आपोआप येतात. पाहुण्यांना ते कौतुकाने सांगायचे. पाहुणे थक्क व्हायचे. हे आपोआप होतं म्हणजे नेमकं कसं होतं, असं आजवर एकानेही विचारलं नव्हतं. हेमिननेही नाही.

"फोनमध्ये फोटोंचा दुसरा चौकोन असेल, रंगीत चक्रीचा," डॉक्टर म्हणाला. "उघड तो."

त्या चौकोनाला तिने कधी बोट लावलं नव्हतं. आत समारूचे बैल होते. रामबाईच्या होणाऱ्या जावयाचा निळा शर्ट होता. कुणाचं सातबाऱ्यासारखं जमिनीचं कागदपत्र, कुणाचं आधार कार्ड, धनसायचा मुलगा चिखलात बसून हसतोय, कुणाची तरी बायको आंघोळीनंतर केस पुसतेय. ती बोटाने सरकवत राहिली आणि चैत्राच्या पानावर गैंदी आली. डावी छाती, गळू आणि कडेला हेमिनचाच बांगडी घातलेला हात.

"एकाच कोठीच्या सव्वाशे किल्ल्या वाटल्यात त्याने," डॉक्टर म्हणाला. "जे तुमच्या फोनात येतं ते त्याला दिसतं. कोण कुठे गेलं तेही."

"आणि मुका फोन वाजला तो?"

"हरवलेला फोन शोधायची सोय असते. खातं ज्याच्या हातात तो कुठूनही बटण दाबतो. फोन मुका असला तरी ओरडतो, पाच मिनिटं. नेट तेवढं चालू लागतं. दीदी, ते खातं तुझ्याही फोनात आहे. तुलाही जमेल. पासवर्ड विचारेल मात्र. काही अंदाज?"

लेखूसारखा आळशी माणूस कुठला पासवर्ड ठेवणार? त्याच्या दुकानाच्या शटरवर हातभर मोठ्या हिरव्या आकड्यांत त्याचा नंबर रंगवलेला आहे. हेमिनने तोच टाकला. लगेच यादी उघडली. नीट ओळखू यावेत म्हणून लेखूने प्रत्येक फोनाला नाव दिलं होतं. समारू. रामबाई. गैंदी टेलर. धनसाय. बैगा.

"पासवर्ड बदलून टाक आत्ताच, म्हणजे त्याला काही पुसता येणार नाही," डॉक्टर म्हणेपर्यंत बाहेर लाथ बसली. दाराची फळी तडकली. डॉक्टर सांगत गेला, तिची बोटं चालत राहिली, आणि दुसऱ्या लाथेला कडी निघाली.

धनसायने गैंदीला पायाला धरून ओढलं. तिचं डोकं उंबऱ्यावर आदळलं. हेमिनला दोघांनी भिंतीशी दाबून धरलं होतं, तरी ती फोन छातीशी कवटाळून कशीबशी सुटली आणि गर्दीमागून धावली. गुडीवर गैंदीला उताणं पाडलं होतं. एकजण तिच्या छातीवर बसला होता, दुसऱ्याने जबडा उघडून धरला होता. बुधराम लोहार खिळा घेऊन वाकला होता आणि त्याचा हात इतका कापत होता की खिळा दातावर वाजत होता.

"मार!" बैगा ओरडला. "टोनहीची जीभ आहे, पाप नाही लागत!"

हेमिनने यादीतल्या एका नावावर बोट दाबलं.

बैगाच्या कमरेची थैली किंचाळली.

तो दचकून स्वतःच्याच कमरेकडे बघायला लागला. मंत्र म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. आवाज फक्त थैलीतून येत होता. गैंदीच्या छातीवर बसलेला माणूस उठला. लोहाराने खिळा टाकून दिला.

"हाच," धनसाय म्हणाला. आधी हळू, मग गळा फाडून. "हाच आहे! तीन दिवस माझं लेकरू याच्याच मांडीवर होतं! यानेच खाल्लं!"

गेडी बैगाच्या दंडावर बसली आणि दंड कोपराच्या वर वाकडा झाला. दुसरा फटका तोंडावर. बैगा चौथऱ्यावरून खाली पडला तसे वीस-पंचवीस लोक त्याच्यावर तुटून पडले. थोड्या वेळापूर्वी त्याच्या पायावर डोकं ठेवणारेच होते ते. "माझा नाही, माझा नाही तो फोन!" असं काहीतरी तो बरळत होता. मार टिपणारे पुन्हा फोन उंचावून पुढे सरसावले.

खोटं कशाला बोला, हेमिनला बरं वाटलं. दहा वर्षं या माणसाने किती लेकरं मारली ते तिच्या वहीत होतं. पडू दे दोन-चार, असं तिच्या मनात आलं. मग बैगाच्या डोक्यातून रक्ताची धार लागली आणि तिला कळलं की गावाला काहीच कळलेलं नाही. टोनही तेवढी बदलली. उद्या कुणी तिसरं बटण दाबलं तर हेच लोक तिसऱ्याला मारतील.

तिने धनसायच्या नावावर बोट दाबलं.

उगारलेली गेडी हवेतच राहिली. त्याच्या सदऱ्याच्या खिशातून तीच किंकाळी येत होती. मारणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे घेतली. धनसायने फोन काढून असा फेकला की तो पिंपळाच्या बुंध्यावर आपटला.

हेमिन दाबत गेली. समारू. रामबाई. माखन कोतवाल. मार टिपण्यासाठी उंचावलेले फोन हातातल्या हातात ओरडायला लागले. कुणी तो चिखलात टाकला, कुणी बायकोच्या हातात कोंबला, समारू तर पळत जाऊन फोन विहिरीकाठी टाकून आला. धनसायची आई दोन्ही कानांवर हात ठेवून खाली बसली.

"बोला!" हेमिन चौथऱ्यावर चढून ओरडली. तिच्या कानातून गळ्यावर रक्त उतरलं होतं. "आता किती टोनही झाल्या? मोजा! कुणाची जीभ आधी ठोकायची? धनसाय, तुझी? कोतवाल कका, तुमची?"

एकेक फोन दमून गप्प होत गेला.

"हे बघा माझं बोट. याने वाजले सगळे. मंत्र नाही, भात नाही, अमावास्या नाही. फोन हरवला तर सापडावा म्हणून केलेली सोय आहे ही. रामबाई काकी, तुम्ही सांगा, कुणाचा वाजवू?"

रामबाईने घाबरत विहिरीकाठी पडलेल्या समारूच्या फोनाकडे बोट केलं. हेमिनने दाबलं. तो वाजला. रामबाईने पुन्हा दाबायला सांगितलं, पुन्हा वाजला. मग बुधराम लोहाराने पुढे होऊन स्वतः तिच्या फोनवर बोट ठेवलं आणि आपलाच फोन वाजवून पाहिला. तो बराच वेळ आपल्या बोटाकडे बघत राहिला.

"तुमच्या सगळ्यांच्या फोनात लेखूने स्वतःचं खातं टाकलंय," हेमिन म्हणाली. "नंबर आपोआप येतात म्हणून मिरवता ना? तसेच तुमचे फोटो आपोआप त्याच्याकडे जातात. समारू भट्टीवर गेला ते फोनने लेखूला सांगितलं, लेखूने बैगाला. गैंदीचा डाग म्हणजे बाळाला पाजताना झालेल्या गळवाचा व्रण आहे. अर्ध्या गावातल्या बायकांना झालंय ते. फोटो डॉक्टरसाठी मी काढला. तो कुठे जाईल याचा मी विचार केला नाही. ती चूक माझी आहे, आणि मार तिने खाल्ला."

"लेखूला काय पडलं होतं पण?" माखनने विचारलं.

"फोटो दाखवून तो तिला दुकानात बोलवत होता. ती त्याचं नाव सांगणार होती. आणि बैगाच्या मांडीवर पोर मेलं होतं, त्याला कुणाच्या तरी माथी मारायचं होतं. दोघांनाही एकच बाई सोयीची पडली."

लेखू तोवर दुकानाच्या मागच्या बांधापर्यंत पोचला होता. चिखलात त्याची चप्पल अडकली. तिघांनी त्याला मानगूट धरून आणलं, आणि आणता आणता त्याचं नाक फोडलं. गेड्या पुन्हा वर गेल्या. ज्यांना हात उचलायची सवय लागली होती त्यांना तो खाली ठेवणं जड जात होतं.

"मारू नका," गैंदी म्हणाली.

ती चौथऱ्यावर उठून बसली होती. कुणाचं तरी लुगडं तिने अंगाभोवती गुंडाळून घेतलं होतं. तोंड सुजल्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते, म्हणून सगळ्यांना गप्प बसून ऐकावं लागलं.

"हा मेला तर माझा फोटो कुठे कुठे गेलाय ते कोण सांगणार? बोल रे. बैगाशिवाय किती जणांना दिलास?"

लेखूने नाकातलं रक्त पुसलं. "अकरा," तो म्हणाला.

"इथलेच?"

त्याने होय म्हणून मान हलवली. गर्दीतल्या कितीतरी पुरुषांना आपल्या पायाचे अंगठे एकाएकी बघावेसे वाटले. समारूची बायको नवऱ्यासमोर जाऊन हात पसरून उभी राहिली. "दाखव," ती म्हणाली. तिच्या शेजारी दुसरी उभी राहिली, मग तिसरी. आज दिवसभरात पहिल्यांदाच कुम्हरझोरीच्या पुरुषांना भीती वाटायला जागा होती.

पोलिसांची गाडी पाऊण वाजता आली. त्यांनी लेखूला आणि विव्हळणाऱ्या बैगाला घेतलं. मार टिपलेले फोनही घेतले, कारण गेड्या कुणाच्या हातात होत्या ते त्यांत स्वच्छ दिसत होतं. टोनही म्हणून बाईला छळण्याविरुद्ध इकडे कायदा आहे आणि त्यात मारणाराही सापडतो, हे गावाला तेव्हा कळलं.

वाचणाऱ्याला हे गाव अडाणी वाटलं असेल तर त्याने एवढंच करावं. आपला फोन उघडून आत खातं कुणाचं आहे ते पाहावं. पासवर्ड शेवटचा कधी बदलला, तो आणखी कुणाकुणाला माहीत आहे, ते आठवावं. नवा फोन स्वतः सुरू करावा, येत नसेल तर शिकावं, आणि पासवर्ड टाकताना समोरच्याला तोंड फिरवायला सांगावं, मग तो सख्खा भाऊ असला तरी. आणि आपल्या पोटातलं कुणी भर सभेत ओळखलं, तर त्याच्या पायावर डोकं ठेवण्याआधी त्याला ते कुठून कळलं एवढं जरूर विचारावं.

गैंदीला गाडीत चढवलं, तेव्हा हेमिन तिच्या शेजारी बसायला निघाली. गैंदीने तिच्याकडे पाहिलं नाही, पण थोडी सरकून जागा दिली.

धनसाय गाडीच्या दारात आला. शिपायाने त्याच्या मनगटाला धरलं होतं. तो मारायला आला नव्हता. त्याचे डोळे कोरडे होते.

"भौजी," त्याने विचारलं. "टोनही नव्हती, तर माझं पोरगं कशाने गेलं?"

हेमिनला काहीतरी मऊ बोलता आलं असतं. तिला त्याची कीव येत होती, आणि त्याच्या गेडीने दुखावलेला खांदाही ठणकत होता.

"हगवणीने गेलं," ती म्हणाली. "अंगातलं पाणी संपलं. पहिल्या दिवशी मीठ-साखरेचं पाणी पाजून दवाखान्यात नेलं असतं, तर आज ते इथे चिखलात खेळत असतं."

"दुसऱ्या दिवशी नेलं असतं तर?"

"तरी वाचलं असतं."

"आणि तिसऱ्या?"

हेमिनने गैंदीच्या मोडलेल्या बोटांकडे पाहिलं. असल्या उत्तरांपासून पळायलाच माणसाला टोनही लागते, हे तिला त्या वेळी फार स्पष्ट दिसलं.

"तिसऱ्या दिवशीही," ती म्हणाली. "दोनदा आले होते मी तुझ्या दारात."

धनसाय गाडीच्या पायरीवर खाली बसला. शिपायाने त्याला उठ म्हटलं, पण त्याला उठता येईना.